कौटिल्याचें रूप्यप्रकरण व शिवडीची चिठ्ठी

गेल्या वैशाखांत शिवडी येथील आमच्या एका स्नेह्यांनीं एक पिशवी व एक छापील चिठ्ठी आमच्यापुढें ठेविली. पिशवींत त्यांच्या वाडवडिलांपासून चालत आलेले चौदा जुने रुपये होते. बहुतेक अंकुशी, दोनतीन चांदवडी, आणि दोन असे कीं जे पूर्वीं कोणा बाईच्या माळेंत ओंवलेले असावेत, कडेस टांक्याची खूण राहिलेले. चिठ्ठी होती एका पेढीवरील क्ष-किरणयंत्राची. तींत प्रत्येक नाण्यापुढें चांदी, तांबें, शिसें, कथील, जस्त यांचें शेंकडा प्रमाण दशांशासह छापलें होतें. आणि खालीं पेढीवरील गृहस्थानें स्वहस्तें शेरा मारिला होता कीं, ज्यांत शिसें व कथील निघालें तीं नाणीं बनावट असून आटणीच्या भावानें घेतलीं जातील. आमचे स्नेही संग्राहक आहेत, व्यापारी नव्हेत; तरी आंकडे छापील, त्यांतून दशांशाचे, म्हणून त्यांचा धीर सुटला होता. नाणीं आटवावयास द्यावीं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न एका पिशवीपुरता असता तर तो आम्हीं घरगुती बोलण्यांतच मिटविला असता. पण गेल्या कांहीं वर्षांत नाणकविषयक टिपणांतून व जुन्या कागदांच्या प्रस्तावनांतूनहि हाच प्रकार आमच्या वाचनांत वारंवार येऊं लागला आहे. अमुक नाण्यांत चांदी शेंकडा इतकी, असें एक वाक्य येतें. कोणत्या रीतीनें पाहिली, पृष्ठावर पाहिली कीं पोटांत, बरोबरची भेसळ कोणती, याचा उच्चार नसतो. मग त्या एका आंकड्यावर राजा दरिद्री ठरतो, टांकसाळवाला चोर ठरतो, किंवा नाणें खोटें ठरतें. हस्तलिखिताची जात, लिपि, पोथी कोणाची, हें न सांगतां नुसता पाठ छापणाऱ्या संपादकास आपण काय म्हणतों तें सर्वांस ठाऊक आहे. नाण्याच्या बाबतींत मात्र तीच ढिलाई आपण शास्त्र म्हणून खपवून घेतों.

चांदीचा कस हा संस्कृतज्ञाचा विषय नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही दोन नांवें सांगतों. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८१९ सालीं निघाला ते होरेस हेमन विल्सन हे कलकत्त्याच्या टांकसाळींत धातुपरीक्षक होते. त्यांच्या हाताखालीं आलेले जेम्स प्रिन्सेप प्रथम काशीस व नंतर कलकत्त्यास त्याच कामावर असतां त्यांनीं ब्राह्मी लिपि उलगडली. अक्षर व धातु यांची परीक्षा करणारा डोळा एकच असूं शकतो, हें या दोघांनीं दाखविलें आहे. आपल्या बाजूस पाहिलें तर ‘पोतदार’ हा शब्दच पुरेसा आहे. गांवगाड्यांत व सरकारी खजिन्यांत नाणें पारखणारा तो पोतदार. आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची धुरा ज्यांनीं दीर्घकाल वाहिली त्या दत्तो वामनांचें आडनांवहि तेंच. हा योगायोग आम्हांस नेहमींच गोड वाटत आला आहे.

प्रथम ग्रंथाकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत रुप्याविषयीं तीन जागीं बोलणें आलें आहे. लक्षणाध्यक्षाच्या प्रकरणांत नाणें कसें पाडावें तें सांगितलें आहे. अक्षशालेच्या प्रकरणांत चांदीचे प्रकार, तिची शुद्धि व शुद्धीची खूण सांगितली आहे. आणि सौवर्णिकाच्या प्रकरणांत सोनाराच्या लबाड्या सांगितल्या आहेत. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुराहून मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला, १९१५ सालीं इंग्रजी भाषांतर दिलें. पुढें गणपतिशास्त्री यांची सटीक आवृत्ति त्रिवेंद्रमहून १९२४-२५ त निघाली. व मुंबई विद्यापीठानें प्रा. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व विवेचन १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत छापलें. शामशास्त्र्यांचे उपकार मोठे. हातीं आलेल्या एकाकी ग्रंथावरून त्यांनीं पहिली वाट पाडली, आणि पहिल्या वाटेस खांचखळगे असावयाचेच. पण त्यांचें भाषांतर अजूनहि सर्वत्र उद्धृत होतें. म्हणून त्यांतील दोन स्थळें येथें तपासणें प्राप्त आहे.

नाण्याचें कलम आधीं घेऊं, कारण त्याबद्दल वाद नाहीं आणि आमच्या मुद्द्यास तें फार उपयोगी आहे. रुप्याच्या नाण्यांत चौथा हिस्सा तांबें, आणि शिवाय एक माषक, म्हणजे सोळावा हिस्सा, तीक्ष्ण, त्रपु, सीस व अंजन यांपैकीं कोणतें तरी एक, अशी कौटिल्याची आज्ञा आहे. तीक्ष्ण म्हणजे लोह, त्रपु म्हणजे कथील, सीस म्हणजे शिसें. अंजनानें सुरम्याच्या जातीचें खनिज समजावें. उरले सोळांतील अकरा भाग चांदीचे, म्हणजे शेंकडा पावणेएकोणसत्तर. प्रत्यक्ष सांपडणारे आहत मुद्रांचे रुपये या पाककृतीशीं कितपत जुळतात हा निराळा प्रश्न आहे. आज्ञा व आचार यांत अंतर असतें, व एकाच ग्रंथावरून तीनचारशें वर्षांचीं नाणीं मोजूं नयेत. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, राजाच्या टांकसाळींतील अस्सल नाण्यांत शिसें व कथील विधिपूर्वक घातलेलें असूं शकतें, ही गोष्ट आमच्याच परंपरेंत लिहून ठेविलेली आहे. शिवडीच्या चिठ्ठीवरील शेरा मारणाऱ्यास ती कोणीं सांगितली नव्हती.

आतां शुद्धीचें सूत्र. दुष्ट चांदी शिशाच्या ‘चतुर्भागानें’ शोधावी असें तें आहे. शामशास्त्री याचा अर्थ असा करितात कीं, चांदींत जितकी भेसळ असेल तिच्या चौथाईइतकें शिसें घालून ती तापवावी. हा अर्थ दोन्ही बाजूंनीं लंगडा आहे. शब्दाच्या बाजूनें पाहतां, सूत्रांत भेसळीचा वाचक शब्दच नाहीं. तो आला कोठून? त्याच प्रकरणांत थोडें आधीं सोन्याच्या शोधनाचें सूत्र आहे. तेथें ‘येन’ हें संबंधी सर्वनाम घालून, ज्या मानानें सोनें उणें असेल त्याच्या चौपट शिसें घ्यावें, असें मान स्पष्ट बांधून दिलें आहे. शामशास्त्र्यांनीं तेथील मान येथें ओढून आणिलें. पण सूत्रकार जेथें ‘येन’ म्हणतो तेथें त्याला भेसळीचें मान अभिप्रेत आहे आणि जेथें म्हणत नाहीं तेथें नाहीं, असें समजणेंच सूत्रवाङ्मयांत रास्त. ‘तत्’ हें सर्वनाम दुष्ट चांदीकडे जातें. तेव्हां चतुर्भाग तो त्या चांदीच्याच वजनाचा.

धातूच्या बाजूनें पाहतां तर त्यांचा अर्थ अशक्यच होतो. शिशानें चांदी कशी शुद्ध होते तें एकदां नीट पाहिलें पाहिजे. अशुद्ध चांदी व शिसें एकत्र वितळवून त्यावर वारा घातला कीं, शिसें जळून त्याचा मुर्दाडशिंग होतो. हा पातळ मुर्दाडशिंग तांब्यासारख्या हलक्या धातूंची राख आपणांत विरवून घेतो व तिच्यासह खालच्या राखेच्या किंवा अस्थिभस्माच्या वाटींत मुरतो. चांदी जळत नाहीं, म्हणून ती वाटींत मणी होऊन राहते. हें काम शिसें करितें, म्हणून शिसें भेसळीच्या अनेकपट लागतें. पॅरिसच्या टांकसाळींतील दार्से यांनीं याचें कोष्टक बांधलें होतें, तें पुढें युरोपभर चाललें. हजारीं ९५० कसाच्या चांदीस तिच्या तिप्पट शिसें, ९०० च्या चांदीस सातपट, ८०० च्या चांदीस दहापट, आणि निम्मी चांदी निम्मे तांबें असेल तर सोळा-सतरापट. भेसळीच्या चौथाईइतक्या शिशानें यांतलें कांहींच साधणार नाहीं. शिसें जळून जाईल आणि तांबें होतें तेथेंच राहील.

परंतु त्याच कोष्टकाच्या पहिल्या ओळींत, जवळजवळ निर्मळ चांदीस तिच्या वजनाच्या दहांत तीन इतकें शिसें लावावें, असें आहे. चौथाईपासून हें फार दूर नाहीं. अर्थात् दार्से यांचें कोष्टक परीक्षेच्या लहानशा मण्यासाठीं आहे, व कौटिल्याचें सूत्र कारखान्यांतील शोधनासाठीं. कारखान्यांत शिसें पुन्हा पुन्हा घालतां येतें, म्हणून एका वेळचें मान कमी असलें तरी चालतें. ही मर्यादा आम्ही विसरत नाहीं. पण ती धरूनहि इतकें म्हणतां येतें कीं, सूत्रांतील चौथाई ही चांदीच्या वजनाची मानिली म्हणजे ती कारागिराच्या हातची संख्या वाटते, आणि भेसळीची मानिली म्हणजे निरर्थक होते. त्यावरून आणखी एक गोष्ट निघते. कौटिल्याची ‘दुष्ट’ चांदी ही तांब्यानें भरलेली चांदी नसून थोडकी बिघडलेली चांदी आहे. फुटीर चांदीस तो ‘स्फोटन’ म्हणतो, तेंहि याशीं जुळतें. कारण चांदी ठिसूळ होण्यास शिसें किंवा बिस्मथ अगदीं अल्प पुरतें.

रसरत्नसमुच्चयांत हीच क्रिया अधिक तपशिलानें आहे. खापरांत राख व चुना यांची पाळ करावी, चांदींत समभाग शिसें घालावें, आणि शिसें नाहींसें होईपर्यंत भाता फुंकावा. पुण्याच्या आनंदाश्रमानें हा ग्रंथ छापल्यामुळें तो आपल्याकडे सुलभ आहे; प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनाच्या इतिहासांत त्याचा चांगला उपयोग केला आहे. अबुल फजलनेंहि ऐन-ए-अकबरींत टांकसाळीचें वर्णन करितांना खड्डा, बाभळीची राख, तिची थाळी, शिसें व भाता असाच क्रम दिला आहे. राख, शिसें, वारा: हजार-दीड हजार वर्षांत कृति बदललेली नाहीं. मान मात्र चौथाईचें समभाग झालें. त्याचें कारण चांदी अधिक मळकी येऊं लागली कीं वैद्यांस अधिक सोंवळी चांदी हवी होती, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरें स्थळ याहून गोड आहे. शुद्ध झालेली चांदी कशी ओळखावी? ती ‘उद्गतचूलिक’, स्वच्छ, चकचकीत व दह्याच्या रंगाची असते. शामशास्त्री येथें ‘बिंदूंनीं किंवा गोळ्यांनीं भरलेली’ असें भाषांतर करितात. शब्दशः तें अगदींच चुकीचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांतून चित्र उभें राहात नाहीं, आणि वाचणारा उकळत्या धातूच्या बुडबुड्यांकडे जातो. बुडबुडे तर शिसें अजून आंत आहे याचें लक्षण. चूलिका म्हणजे शेंडी, तुरा. चांदीला तुरा फुटतो काय? ज्यानें मूस पाहिली आहे त्याला हें विचारावें लागत नाहीं. वितळलेली चांदी हवेंतील प्राणवायु पिते, आपल्या आकारमानाच्या सुमारें वीसपट. सुमारें ९६१ अंशांवर ती थिजूं लागली कीं तो वायु बाहेर पडूं पाहतो. वरची साय आधीं थिजलेली असते. ती फोडून वायु निघतो, व त्याबरोबर आंतली पातळ चांदी वर येऊन कोंबड्याच्या तुऱ्यासारखी, कोठें फुलकोबीसारखी, थिजून राहते. परीक्षकांच्या भाषेंत चांदी ‘थुंकते’.

आणि खरा मर्मभाग पुढेंच आहे. हा तुरा शुद्ध चांदीलाच फुटतो. तांबें किंवा शिसें थोडें जरी शिल्लक असलें तरी तें प्राणवायु स्वतःच गिळून बसतें, व मणी गुळगुळीत थिजतो. म्हणजे कौटिल्यानें दिलेली खूण नुसतें रूपवर्णन नव्हे. हलक्या धातु गेल्या कीं नाहींत याची ती कसोटी आहे. उलट तुरा न फुटल्यास चांदी अशुद्धच, असें मात्र सूत्र म्हणत नाहीं, आणि तेंहि बरोबरच आहे. कारण मणी सावकाश निवविला किंवा वर कोळसा पसरला तर शुद्ध चांदीहि शांत राहते. एका समासांत इतकें नेमकें निरीक्षण भरणारा मनुष्य मुशीजवळ उभा राहिलेला होता, किंवा जो राहिला त्याचें त्यानें ऐकून घेतलें होतें. आम्हीं अनेक वर्षें वर्गांत हें प्रकरण ‘शेंड्या आलेलें’ असें उरकून पुढें नेलें आहे. त्या विद्यार्थ्यांची येथें क्षमा मागतों.

याच ओघांत ‘तुत्थोद्गत’ या प्रकाराविषयीं दोन शब्द. तुत्थ हें डोंगराचें नांव मानण्याची चाल आहे. पण तुत्थ म्हणजे मोरचूद, हें प्रत्येक वैद्यास ठाऊक आहे. आणि चांदी तांब्याच्या खनिजाच्या सोबतीनें निघते हेंहि खोटें नाहीं. पुढचीं नांवें देशवाचक दिसतात म्हणून पहिलेंहि तसेंच असलें पाहिजे, हा आग्रह आम्हांस पटत नाहीं.

असो. ग्रंथांतून आतां पेढीवर येऊं. चांदी तपासण्याच्या ज्या रीति आजवर निघाल्या त्यांतील प्रत्येकीला फसविणारी एखादी धातु आहे, आणि ती दर रीतीस निराळी आहे. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें शेंकडेवारी छापूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कसोटीचा दगड सोन्याला चांगला. चांदीला तो दुबळा. सोन्याचा पिवळेपणा भेसळीनें पायरीपायरीनें बदलतो, म्हणून तेथें वाण लावतां येतात. चांदीची रेघ पांढरी, कथिलाची पांढरी, आणि एकोणिसाव्या शतकांत आलेल्या जर्मन सिल्व्हरचीहि पांढरीच, जरी तींत चांदीचा कणहि नसतो व ती तांबें, निकल आणि जस्त यांची बनलेली असते. रेघेवर शोरकाम्लांत विरविलेला पोटॅशियमचा डायक्रोमेट टाकिला तर चांदी रक्तासारखी लाल होते, निकलाची रेघ होत नाहीं. एवढा विवेक त्यांतून मिळतो, पण कस मिळत नाहीं. पाण्यांत तोलण्याची आर्किमिडीजची युक्ति विद्वानांस फार आवडते. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड, तांबें नऊपटीच्या किंचित् आंत, शिसें सव्वाअकरापटीहून थोडें अधिक. तेव्हां तांबें व शिसें योग्य प्रमाणांत मिसळलें कीं पाणी निमूटपणें ‘चांदी’ म्हणून साक्ष देतें.

मुशीची परीक्षा म्हणजे शिशाबरोबर वाटींत जाळण्याची. तिला लोक अग्निदिव्य समजतात. पण तींतहि दोन चुका एकमेकींविरुद्ध चालत असतात. थोडी चांदी वाटींत मुरते व थोडी वाफेनें जाते, म्हणून मणी हलका येतो. थोडें तांबें मण्यांत चिकटून राहतें, म्हणून तो जड येतो. दोन्ही समसमान झाल्या तर उत्तर बरोबर, न झाल्या तर नाहीं. सोनें असेल तर तें सर्वच्या सर्व मण्यांत राहून चांदी म्हणून मोजलें जातें. कथील व अंजन असेल तर त्यांची राख मुर्दाडशिंगांत नीट विरत नाहीं. वर कठीण साय धरते, तींत चांदी अडकते, आणि अंजनानें वाटीला तडेहि जातात. जस्त असेल तर तें धूर होऊन जातें व जातांना चांदी घेऊन जातें. बिस्मथ सर्वांत लबाड. तें शिशाचें सोंग घेऊन वाटींत मुरतें, आणि आपल्याबरोबर नेहमींपेक्षां अधिक चांदी मुरवितें.

मुशीची ही उणीव पॅरिसच्या टांकसाळीस अंगावर आली तेव्हां, १८३० च्या सुमारास, गे-ल्युसाक यांनीं मिठाच्या पाण्याची रीति बसविली. चांदी शोरकाम्लांत विरवावी, मोजून ठेविलेलें मिठाचें पाणी थेंबथेंब घालावें, दह्यासारखा सांका खालीं बसणें थांबलें कीं किती पाणी लागलें त्यावरून चांदी काढावी. तांबें, जस्त, निकल यांची या रीतीस पर्वा नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण पारा असेल तर तोहि मिठाशीं बांधला जातो व चांदी वाढून दिसते. जाणता परीक्षक त्याला ओळखतो, कारण निर्मळ चांदीचा सांका उजेडांत काळवंडतो, आणि पाऱ्याची संगत असली तर पांढराच राहतो. कथील असेल तर अम्लांत विरतांनाच पांढरी पूड तळाशीं बसते व थोडी चांदी पोटांत घेते. ती गाळून निराळी तपासली पाहिजे. पुढें १८७० नंतरच्या दशकांत फोलहार्ट यांनीं लोखंडाच्या तुरटीनें तांबडा रंग दाखविणारी रीति काढली. ती सुटसुटीत आहे. पण तांबें चांदीहून बरेंच अधिक असलें कीं त्याच्या निळ्या रंगांत व काळपट सांक्यांत तो तांबडा रंग बुडतो. पारा येथेंहि आड येतो. मुलामा दिलेल्या नाण्यांत पारा असतो हें संग्राहकांनीं विसरूं नये. जुना सोनेरी मुलामा पाऱ्यानेंच देत.

आतां क्ष-किरणाचें यंत्र. तें नाण्यास धक्का लावीत नाहीं, म्हणून आम्हांस तें प्रिय आहे. पण तें पाहतें किती खोल? चांदीच्या पोटांतून परत येणारा किरण केसाच्या जाडीहूनहि कमी थरांतून येतो. आणि जुन्या रुपयाचा वरचा थर हा नाण्याचा प्रतिनिधि नसतो. टांकसाळींत चकती तापवून आंबट पाण्यांत उजळीत. त्यानें पृष्ठावरचें तांबें जळून धुऊन जाई व चांदीची साय उरे. पुढें जमिनींत पुरल्यानें तेंच होई. त्यावर आमचे संग्राहक चिंच चोळतात! शिवडीसारख्या खाडीकांठच्या जागीं, जेथें वाऱ्यांत मीठ आणि चिखलाचा गंधकी वास दोन्ही असतात, तेथें चांदी महिन्याभरांत काळी पडते आणि चिंचेचा मोह पडतो हें खरें. पण दर चोळण्यासरशीं नाण्याची साक्ष बदलते. मुंबईच्या टांकसाळीनेंहि १९४० पासून जे रुपये पाडले त्यांत चांदी निम्मी, तांबें चाळीस, आणि निकल व जस्त पांच पांच होतें. त्यांतील न वापरलेला रुपया पृष्ठावरून याहून उंच कसाचा दिसला तर कोणी चकित होऊं नये.

शिवाय यंत्रालाहि अपपाठ होतात. कथिलाची मुख्य किरणरेषा चांदीच्याच एका दुय्यम रेषेला अगदीं खेटून पडते; हलक्या यंत्रास ती वेगळी काढतां आली नाहीं तर तें चांदीच्याच सांवलीस कथील म्हणून छापतें. शिसें व सोमल यांचीहि अशीच गल्लत होते. अक्षरें जवळजवळ आलीं म्हणजे ‘प’ व ‘य’ यांची गल्लत होते, तसाच हा प्रकार. शिवडीच्या चिठ्ठींत चौदांपैकीं अकरा नाण्यांपुढें कथील जवळजवळ एकाच प्रमाणांत छापलें होतें. अकरा निरनिराळ्या नाण्यांत एकच कथील! लेखकाची खोड सर्व पानांवर सारखी दिसते, तशी ही यंत्राची खोड होय, असें आम्ही समजतों.

शिशाचें मात्र तसें नव्हे. शिसें खरेंच असावें, आणि आमच्या मतें तें नाण्याच्या बाजूनें बोलतें. वर सांगितलेल्या राखेच्या शोधनांतून शिशाचा अंश पूर्णपणें कधींच जात नाहीं. त्यासोबत सोन्याचा लेश व बिस्मथहि राहतात. आजची विद्युत्शोधित चांदी या तिन्हींपासून जवळजवळ मुक्त असते. तेव्हां जुन्या छापाच्या रुपयांत शिशाचा व सोन्याचा लेश मुळींच न सांपडेल तर आम्हांस संशय येईल. सांपडला तर नाहीं. हस्तलिखितांचा वंश शोधतांना शुद्ध पाठ निरुपयोगी आणि सामाईक चुका मोलाच्या, हें आपण सर्व जाणतों. नाण्यांतील मळ तोच धर्म पाळतो. पेढीवरील शेरा मारणाऱ्यानें ज्याला खोटेपणाचें चिन्ह म्हटलें तें जुनेपणाचें चिन्ह आहे.

कागदपत्रांच्या संपादकांसहि दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ‘चाशनी’विषयीं. फार्सीत चाश्नी म्हणजे चव, नमुना. टांकसाळीच्या बोलींत चाशनी म्हणजे परीक्षेसाठीं काढलेला धातूचा नमुना व ती परीक्षा. टांकसाळीच्या कागदांत हा शब्द आला कीं साखरेचा पाक मनांत आणूं नये. दुसरी बट्ट्याविषयीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९९ सालीं मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी यांवर निबंध लिहून हा विषय प्रथम नीट मांडला. त्यानंतर अनेकांनीं बट्ट्याच्या आंकड्यांवरून नाण्याचा कस काढण्याचा सोपा मार्ग धरला. पण सराफाचा बट्टा हा एकट्या कसाचा नसतो. झीज, नाण्याचें साल, त्या पेठेंतील चलन आणि सराफाची गरज, इतक्यांचा तो असतो. बट्टा शेंकडा पांच म्हणून चांदी पांचानें कमी, हें गणित कोणत्याहि पोतदारानें हंसून परत केलें असतें.

प्रिन्सेप यांनीं १८३४ सालीं काढलेलीं व एडवर्ड टॉमस यांनीं १८५८ सालीं पुन्हा छापलेलीं कोष्टकें वापरणाऱ्यांनीं, कस कोणत्या प्रमाणाहून ‘उंच’ किंवा ‘हीन’ सांगितला आहे तें आधीं पाहावें. इंग्लंडचें स्टर्लिंग हजारीं ९२५. कंपनीच्या १८३५ च्या रुपयाचें प्रमाण बारांत अकरा, म्हणजे हजारीं सुमारें ९१७, वजन १८० ग्रेन व त्यांत निर्मळ चांदी १६५. एका प्रमाणाचा आंकडा दुसऱ्यानें फिरविला कीं हजारीं आठांची चूक घरबसल्या होते. मुंबईंत १८०० सालीं ठरलेला सुरती रुपया १७९ ग्रेनांचा व १६४.७४ ग्रेन निर्मळ चांदीचा होता. म्हणजे हजारीं सुमारें ९२०. इतकीं जवळजवळ असलेलीं प्रमाणें एकमेकांत मिसळलीं तर कोणता रुपया हीन व कोणता उत्तम हेंच उलटें होतें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं आहत नाणीं शेंकड्यांनीं तोलून जें शिकविलें तेंहि येथें लागू आहे. एकटें नाणें फार थोडें बोलतें, समुदाय बोलतो.

शिवडीच्या पिशवीचें काय झालें तें सांगून पुरें करितों. आम्हीं स्नेह्यांस नाणीं आटवूं दिलीं नाहींत, व चिंचहि बंद करविली. चौदाहि नाणीं तोलून वजनें लिहून ठेविलीं. एक अंकुशी आधींच तुटलेला होता. त्याच्या तुटक्या कडेवर दुसऱ्या एका यंत्रानें पाहविलें, तेव्हां चांदी पृष्ठावरील आंकड्याहून बरीच खालीं आली, कथील नाहींसें झालें, आणि शिसें राहिलें. त्याच तुकड्यांतील चिमूटभर, स्नेह्यांच्या संमतीनें, मिठाच्या पाण्याच्या परीक्षेस दिला. ती कडेच्या आंकड्याशीं जुळली. चिठ्ठीच्या पाठीवर हें सर्व रीतीसह लिहून ती पिशवींतच ठेविली आहे. टांके असलेल्या दोन रुपयांविषयीं मात्र आम्ही निर्णय देत नाहीं. त्यांत निघालेलें जस्त टांक्याचें कीं नाण्याचें, हें टांक्यापासून दूरच्या कडेस थोडें घांसल्याशिवाय कळणार नाहीं, आणि घांसावयास स्नेह्यांच्या मातोश्री तयार नाहींत. तीं दोन तूर्त निराळ्या पुडींत बांधून ठेविलीं आहेत.